तीन दिवस, सहा खेळ: जपानी ॲनिमेशनपटांच्या महोत्सवात काय दाखवावं आणि कसं?

चांदणफुला
नमस्कार मंडळी,
आमच्या फिल्म सोसायटीचा यंदाचा छोटा महोत्सव पूर्णपणे जपानी ॲनिमेशनपटांचा करायचं ठरलंय. शुक्रवारी संध्याकाळी एक खेळ, शनिवारी तीन, रविवारी दोन. सभागृह २२० खुर्च्यांचं, प्रोजेक्टर २के, आवाज ५.१. प्रेक्षकांत कुरोसावा-ओझूंसारखे जुने जपानी दिग्दर्शक कोळून प्यायलेले सभासद आहेत, कॉलेजची मुलं आहेत, आणि 'कार्टून आहे ना, मग लेकरांना आणते' म्हणणाऱ्या आयाही आहेत.

कच्ची यादी अशी: माय नेबर तोतोरो, ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज, स्पिरिटेड अवे, द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया, अकिरा, परफेक्ट ब्लू.

माझं मत आधीच सांगते. जपानमध्ये ॲनिमेशनमधून युद्धपट होतात, भयपट होतात, हजार वर्षांपूर्वीच्या कथा सांगितल्या जातात, हे प्रेक्षकाला सहा चित्रपट पाहून आपोआप कळायला हवं. त्यामुळे निवड आणि क्रम दोन्ही महत्त्वाचे वाटतात. क्रम कसा लावावा? मूळ जपानी आवाज की डब? तांत्रिक बाजूने काय सांभाळावं? जाणकारांनी लिहावं.

रातराणी
वाचतेय. विषय फार आवडला.

माधव_कोकणे
क्रमाबद्दल एकच हट्ट धरा. फायरफ्लाइज रात्रीचा शेवटचा खेळ ठेवू नका. पहिल्याच वाक्यात त्यातला मुलगा सेइता सांगतो की २१ सप्टेंबर १९४५ च्या रात्री मी मेलो. पुढे काय होणार हे माहीत असूनही माणूस कोसळतो, आणि दिग्दर्शक ताकाहातांनी तो तसाच बांधलाय. प्रेक्षकाला नंतर बोलायला वेळ आणि उजेड हवा. दुपारी अडीचचा खेळ, मग तासाभराची चहाची सुट्टी.

गंमत म्हणजे १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये तो आणि तोतोरो एकाच तिकिटात, जोडीने प्रदर्शित झाले होते. दोन्ही दीड तासाच्या आतले. पण त्या जोडीचं अनुकरण करू नये असं मला ठामपणे वाटतं. दोन्हींत भावंडं आहेत, दोन्हींत आई घरी नाही. लागोपाठ पाहिले तर एकाची सावली दुसऱ्यावर पडते आणि तोतोरोतल्या आईच्या आजारपणाकडेही माणूस धसक्यानेच बघत बसतो.

पडद्यामागचा
तांत्रिक प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण अशा महोत्सवांत खेळ बहुधा इथेच अडतात.

चित्रपट डीसीपी म्हणजे चित्रपटगृहासाठीच्या डिजिटल प्रतीच्या स्वरूपात येईल. दोन तासांच्या चित्रपटाची फाइल १०० ते २०० जीबीच्या आसपास. सर्व्हरवर चढवायला यूएसबीवरून दीड-दोन तास सहज जातात, म्हणजे सहा चित्रपटांना पूर्ण दिवस धरा. आदल्या रात्रीवर टाकू नका.

डीसीपी कुलूपबंद असेल तर केडीएम नावाची किल्ली लागते. ती तुमच्याच सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर बनते. किल्ली मागवल्यानंतर सर्व्हर दुरुस्तीला गेला किंवा त्यातला मीडिया ब्लॉक (कुलूप उघडून चित्रपट चालवणारा भाग) बदलला, तर ती किल्ली निरुपयोगी. दुसरी चूक वेळेची. जपानची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास, आणि किल्ली बनवणारी प्रयोगशाळा तिसऱ्याच देशात असू शकते. तुम्ही 'शनिवार सकाळी १०' लिहिलंत आणि त्यांनी ते यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरलं, तर किल्ली आपल्याकडे दुपारी ३:३० ला उघडेल. मेलमध्ये प्रत्येक वेळेपुढे 'भारतीय प्रमाणवेळ, यूटीसी अधिक ५:३०' लिहायचं. आणि किल्ली खेळाच्या ४८ तास आधीपासून चालू होईल अशी मागायची, नाहीतर चाचणी करताच येत नाही.

तिसरी गोष्ट, फाइलचं नाव वाचायला शिका. त्यात 'एफ' असेल तर फ्लॅट म्हणजे १.८५, 'एस' असेल तर स्कोप म्हणजे २.३९. घिबली स्टुडिओचे (तुमच्या यादीतले पहिले चार) जवळपास सगळे फ्लॅट आहेत. पुढे भाषा: 'जेए-ईएन' म्हणजे आवाज जपानी, उपशीर्षकं इंग्रजी. 'जेए-एक्सएक्स' दिसलं तर उपशीर्षकंच नाहीत. एकाच डिस्कवर डब आणि मूळ अशा दोन्ही आवृत्त्या असतात, ऑपरेटर पहिली दिसेल ती लावतो, आणि पडद्यावर सगळे अमेरिकन बोलू लागतात.

उपशीर्षकांची आवृत्ती बऱ्याचदा पूरक फाइल म्हणून वेगळी येते. मूळ फाइल आधी चढवलेली नसेल तर ती एकटी चालत नाही. डिस्क मिळाल्यावर दोन्ही आहेत का ते लगेच बघा.

गिरगावचा_शऱ्या
वाचनखूण साठवली. हा प्रतिसाद छापून प्रोजेक्शन रूमच्या दाराला लावावा.

बापूसाहेब
चांदणफुलाताई, यादीत सहापैकी चार घिबलीचे! एका स्टुडिओने तुमचा महोत्सव गिळलाय. आणि तुमच्याकडे कुरोसावा पाहिलेले सभासद आहेत, तर दिग्दर्शक सातोशी कोनचा परफेक्ट ब्लू नको, त्याचाच मिलेनियम ॲक्ट्रेस हवा.

कारण सांगतो. एक वृद्ध अभिनेत्री आपलं आयुष्य सांगते आणि मुलाखत घेणारे तिच्या चित्रपटांत शिरतात. सामुराईपट, युद्धकाळातले प्रचारपट, पन्नाशीच्या दशकातले कौटुंबिक चित्रपट, राक्षसपट, अंतराळ. सूत कातणारी म्हातारी दिसली की कुरोसावाचा 'थ्रोन ऑफ ब्लड' पाहिलेला माणूस खुर्चीत सरसावून बसणारच. तुमच्या जुन्या सभासदांना ॲनिमेशनकडे वळवायला याहून चांगला दरवाजा नाही. शिवाय लांबी फक्त ८७ मिनिटं. शुक्रवारी उद्घाटनाची भाषणं लांबली तरी लोक साडेनऊला घरी.

परफेक्ट ब्लू ८१ मिनिटांचा आहे, १९९७ चा आहे, महत्त्वाचा आहेच. पण त्यात चित्रीकरणातल्या बलात्काराचा प्रसंग आणि रक्तपात आहे. फक्त प्रौढांसाठी आणि स्पष्ट पूर्वसूचनेसह दाखवता येत असेल तरच ठेवा. 'लेकरांना आणते' म्हणणाऱ्या आया त्याच पत्रकावरून येणार आहेत हे विसरू नका.

केवडा
बापूसाहेबांशी सहमत, पण अकिरा काढू नका म्हणजे झालं.

विंचुर्णी_एक्सप्रेस
एक शंका. जगातल्या मोठ्या महोत्सवांत हे चित्रपट मुख्य स्पर्धेत घेतच नाहीत ना? वेगळ्या ॲनिमेशन विभागात ढकलतात असं वाचलं होतं.

तात्या_बर्लिनकर
पूर्ण खरं नाही. स्पिरिटेड अवे २००२ मध्ये बर्लिनच्या मुख्य स्पर्धेत होता आणि त्याने सुवर्ण अस्वल हे सर्वोच्च पारितोषिक जिंकलं, 'ब्लडी संडे' सोबत विभागून. त्यानंतर बर्लिनच्या मुख्य स्पर्धेत जपानी ॲनिमेशनपट यायला थेट २०२३ उजाडलं, तो शिनकाईंचा सूझुमे. म्हणजे तुमच्या शंकेत तथ्य आहे.

व्हेनिस जास्त उदार. २००४ मध्ये हाउल्स मूव्हिंग कॅसल, २००६ मध्ये कोनचा पाप्रिका, २००८ मध्ये पोन्यो आणि ओशींचा स्काय क्रॉलर्स एकाच वर्षी, २०१३ मध्ये द विंड रायझेस. फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत ओशींचा इनोसन्स २००४ मध्ये होता. कागुया (२०१४) आणि होसोदांचा मिराई (२०१८) कानला होते, पण दिग्दर्शकांच्या पंधरवड्यात, मुख्य स्पर्धेत नव्हे.

ॲनिमेशनचा स्वतःचा मोठा महोत्सव म्हणजे फ्रान्समधला आनसी, १९६० पासूनचा. तिथे पूर्ण लांबीच्या विभागाचं सर्वोच्च पारितोषिक पोर्को रोसोने १९९३ मध्ये, पोम पोकोने १९९५ मध्ये आणि युआसांच्या लू ओव्हर द वॉलने २०१७ मध्ये मिळवलं. खुद्द जपानमध्ये हिरोशिमाचा महोत्सव १९८५ ते २०२० चालला, पण त्याचा भर लघुपटांवर होता. पूर्ण लांबीच्या चित्रपटांना केंद्रस्थानी ठेवणारा महोत्सव निइगाताला २०२३ मध्ये सुरू झाला.

केवडा
घिबली की जिबली? एकदाचं सांगून टाका कोणीतरी.

निहोंगो_मित्र
जपानीत 'जिबुरी' म्हणतात. शब्द इटालियन, सहारातून येणाऱ्या उष्ण वाऱ्याचं नाव, आणि त्या नावाचं कापरोनी कंपनीचं विमानही होतं. तोतोरो आणि स्पिरिटेड अवेचे दिग्दर्शक मियाझाकी यांचं विमानवेड माहीतच आहे. इटालियन उच्चार 'गिब्ली'च्या जवळ जातो. म्हणजे मराठीत रुळलेलं 'घिबली' दोन्हींपैकी काहीच नाही, पण सगळ्यांना कळतं, तर राहू द्या.

उपशीर्षकांवर मात्र लिहायलाच हवं. इंग्रजी उपशीर्षकं दोन प्रकारची असतात. एक जपानी संवादांवरून केलेली. दुसरी, इंग्रजी डबची संहिता तशीच उचलून मूळ आवाजाखाली चिकटवलेली. दुसऱ्या प्रकारात पात्र गप्प असतानाही खाली वाक्य येतं, कारण डबमध्ये शांतता भरायला संवाद वाढवलेले असतात. पहिली दहा मिनिटं तपासलीत तरी कळतं. अशी प्रत आली तर बदलून मागा.

आता डब की मूळ, यावर एक उदाहरण. घरातून निघताना जपानी माणूस 'इत्तेकिमास' म्हणतो, शब्दशः 'जाऊन येतो'. इंग्रजीत याचं 'मी निघाले', 'बाय' असं काहीतरी होतं आणि परत येण्याचं वचन गळून पडतं. आपल्याकडे निघताना 'जाते' म्हटलं तर आजी ओरडते, 'येते' म्हणावं लागतं. सूझुमेचा शेवट सगळा याच एका शब्दावर उभा आहे. ११ मार्च २०११ च्या, म्हणजे मोठ्या भूकंप-त्सुनामीच्या दिवशीच्या सकाळी घराघरांतून निघालेल्या माणसांचं 'इत्तेकिमास' ऐकू येतं, आणि ती माणसं परत आली नाहीत हे आपल्याला माहीत असतं. मराठी उपशीर्षकात नुसतं 'येते हं' लिहिलं तरी पुरे.

रातराणी
'येते हं' वाचून अंगावर काटा आला.

माधव_कोकणे
मग स्पिरिटेड अवेच्या मूळ नावातल्या 'कामिकाकुशी'ला मराठीत काय म्हणाल? चकवा?

निहोंगो_मित्र
जवळ जातं, पण नेमकं नाही. कामिकाकुशी म्हणजे देवांनी माणूस लपवून ठेवणं. चकव्यात माणूस रानात गोल गोल फिरतो, पण असतो याच जगात. इथे मूल जगातूनच नाहीसं होतं. 'देवांनी नेलेली चिहिरो' असं काहीतरी करावं लागेल. आणि त्यात सेन-चिहिरो हा नायिकेच्या नावाचा खेळ आहे. जादूगारीण युबाबा तिच्या नावातली अक्षरं काढून घेते, उरलेल्या एका अक्षराचा उच्चार 'सेन' होतो. देवनागरीत ते दिसत नाही, त्या प्रसंगाखाली छोटं स्पष्टीकरण द्यावं लागतं.

चांदणफुला
हे सगळं अमूल्य आहे. आम्ही स्वतः मराठी उपशीर्षकं केली तर? तीन-चार जण तयार आहेत.

पडद्यामागचा
करा, पण दोन अडथळे आधीच सांगतो. पहिला परवानगीचा. हक्कदाराच्या लेखी संमतीशिवाय उपशीर्षकं जोडता येत नाहीत, आणि कुलूपबंद डीसीपीत बाहेरून काही घालता येत नाही. त्यांच्याच प्रयोगशाळेकडून पूरक फाइल बनवून घ्यावी लागते.

दुसरा देवनागरीचा. डीसीपीतली उपशीर्षकं मजकूर म्हणून दिली की अक्षरं मांडायचं काम प्रोजेक्टर किंवा सर्व्हर करतो, आणि अनेक यंत्रांना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. 'स्त्री'चे तुकडे होतात, 'कि'ची वेलांटी अक्षरामागे जाऊन पडते. उपाय एकच. प्रत्येक ओळ पीएनजी चित्र म्हणून बनवायची. दोन तासांच्या चित्रपटाला हजारभर चित्रं सहज होतात, पण पडद्यावर अक्षर शुद्ध येतं.

आणि ओळी आखूड ठेवा, एका वेळी दोनच. मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा लांबतं, त्यामुळे अनुवादकाचा जीव छाटण्यातच जातो. अक्षरांना काळी किनार हवीच. कागुयात अर्धा पडदा कोरा पांढरा असतो, किनार नसेल तर पांढरी अक्षरं नाहीशी होतात.

सई_दामले
तोतोरोसाठी वेगळा विचार करा. सहा-सात वर्षांच्या मुलांना उपशीर्षकं वाचता येत नाहीत, मग आई कानात कुजबुजत राहते आणि शेजारचे वैतागतात. जपानमध्ये मूकपटांच्या काळी बेन्शी असायचे, पडद्याशेजारी बसून कथा सांगणारे. हक्कदार परवानगी देत असतील तर तोतोरोला एका निवेदकाने माइकवर मराठी सांगावं. संवाद थोडे आहेत, जमेल. बसथांब्यावरच्या पावसात मात्र निवेदकाने तोंड मिटून बसायचं. तिथे छत्रीवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज हाच संवाद आहे.

करारनामा
परवानगीचा विषय निघालाच आहे तर. ब्लू-रे विकत घेतली किंवा स्ट्रीमिंगचं सदस्यत्व आहे म्हणून सार्वजनिक खेळ करता येत नाही, तिकीट नसलं तरी. प्रत्येक चित्रपटाचे महोत्सवी हक्क कोणाकडे आहेत ते शोधून लेखी विचारायचं. पत्रात सभागृहाची क्षमता, खेळांची संख्या, तारीख, तिकीट आहे की सभासदत्व, आणि तुमच्या यंत्रणेचा तपशील पहिल्याच वेळी द्या. उत्तरात दर खेळामागे शुल्क, किल्लीचं शुल्क आणि डिस्कच्या ने-आणीचा खर्च वेगवेगळा येतो. अंदाजपत्रकात तिन्ही धरा.

जपानी चित्रपटांना उशीर का होतो ते समजून घ्या. बहुतेकांच्या मागे एक निर्मिती समिती असते. प्रकाशक, दूरदर्शन वाहिनी, संगीत कंपनी, वितरक असे सगळे त्यात भागीदार. तुमच्या पोस्टरवरचं चित्रसुद्धा मंजुरीला जातं. चार आठवडे धरा. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातल्या सुट्ट्या, ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन आणि नववर्ष या काळात मेलला उत्तर येणार नाही. ओबोन म्हणजे त्यांचा पितृपक्षच म्हणा. तुमचा महोत्सव सप्टेंबरात असेल तर जूनमध्येच लिहा.

सेन्सॉरचंही बघा. प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटाला महोत्सवासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. अशा सवलतीवरच्या खेळांना बहुतेक महोत्सव १८ वर्षांखालच्यांना प्रवेश देत नाहीत. म्हणजे लहान मुलांसाठी जो चित्रपट ठेवाल, त्याचं प्रमाणपत्र भारतात आधी झालेलं आहे का हे सर्वांत आधी तपासा. नाहीतर तोतोरोच्या दारात पोरं रडतील.

चांदणफुला
हे शेवटचं आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हतं. आभार.

विंचुर्णी_एक्सप्रेस
अवांतर: जपानी-भारतीय रामायण आठवतंय का कोणाला?

तात्या_बर्लिनकर
युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन या तिघांचं दिग्दर्शन. संगीत वनराज भाटियांचं. हिंदी आवृत्तीत रामाला आवाज अरुण गोविल यांचा, रावणाला अमरीश पुरींचा. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, आणि भारतातल्या चित्रपटगृहांत व्यवस्थित लागायला २४ जानेवारी २०२५ उजाडावं लागलं, ४के मध्ये. धनुष्य कसं धरायचं, धोतर कसं हलतं, हात जोडताना कोपर कुठे असतं, हे जपानी चित्रकारांपर्यंत पोचवायला भारतीय चित्रकार लागले. तुमच्या मुलांच्या खेळासाठी तो एक सोपा पर्याय आहे.

सई_दामले
त्याहून चांगला पर्याय आहे: तोत्तोचान! मराठी घरांत ते पुस्तक किती जणांनी वाचलंय. शिन्नोसुके याकुवा यांनी केलेला चित्रपट जपानमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि २०२४ मध्ये आनसीला पॉल ग्रिमो पारितोषिक मिळालं. रेल्वेच्या डब्यांची शाळा, कोबायाशी गुरुजी, डब्यात 'डोंगरातलं काही आणि समुद्रातलं काही', यासुआकी-चानला झाडावर चढवणं, सगळं आहे. पुस्तकात युद्ध कडेकडेने येतं, चित्रपटात ते रंगांतून येतं. सुरुवातीचे भरलेले रंग हळूहळू रस्त्यांवरून, कपड्यांवरून, ताटांतून कमी होत जातात. सुमारे ११४ मिनिटं. रविवारी सकाळी ठेवा, शिक्षक मंडळींना बोलवा.

रातराणी
तोत्तोचानला माझं मत. शंभर वेळा.

माधव_कोकणे
मग फायरफ्लाइज आणि तोत्तोचान दोन्ही १९४५ च्या आसपासचे, दोन्ही मुलांच्या नजरेतून. एक कोबेचा, एक टोकियोचा. फायरफ्लाइजच्या जागी इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड घेतला तर? सुनाओ काताबुचींनी कुरे आणि हिरोशिमाचे रस्ते, दुकानं, त्या-त्या दिवसाचं हवामान शोधून काढून रेखाटलंय. लोकवर्गणीतून सुरुवातीचा निधी उभा केला, ३,३७४ जणांनी पैसे दिले. २०१७ मध्ये आनसीला ज्युरी पारितोषिक. युद्धातला स्वयंपाक त्यात जितका तपशिलात आहे तितका मी दुसऱ्या कुठल्याच चित्रपटात पाहिला नाही.

बापूसाहेब
चित्रपट उत्तम, पण १२९ मिनिटं आहेत आणि २०१९ ची वाढीव आवृत्ती १६८ मिनिटांची. मागवताना आवृत्ती नेमकी लिहा. माझं मत फायरफ्लाइजलाच. तो आखूड आहे आणि घाव थेट घालतो.

केवडा
आता अकिरावर कोणीतरी बोला.

पडद्यामागचा
बोलतो. १६ जुलै १९८८ चा, १२४ मिनिटांचा. जपानमध्ये नेहमीची पद्धत म्हणजे चित्रं आधी आणि आवाज नंतर. अकिरात आवाज आधी ध्वनिमुद्रित करून ओठ त्यानुसार रेखाटले. सेलची (चित्रं रंगवायच्या पारदर्शक पत्र्यांची) संख्या १,६०,००० च्या वर सांगितली जाते. साधारण जपानी ॲनिमेशनमध्ये सेकंदाच्या २४ चौकटींत ८ वेगळी चित्रं असतात, एक चित्र तीन चौकटी थांबतं. अकिरात हालचाल त्याहून दाट आहे, म्हणून मोटारसायकलींच्या मागच्या दिव्यांच्या रेघा इतक्या सलग ओघळतात. हे लॅपटॉपवर दिसत नाही.

सांभाळायचं ते असं. चित्रपट बहुतेक रात्रीचा, त्यामुळे सभागृहात अंधार पूर्ण हवा. बाहेर जाण्याच्या दाराचा दिवा पडद्यावर सांडत असेल तर त्याला आडोसा करा, दिवा विझवायचा मात्र नाही. ढोल आणि समूहस्वरांचं संगीत फार मोठं आहे. यंत्राच्या आवाजाच्या खुंटीवर प्रमाण ७ असतं, पण २२० खुर्च्यांच्या खोलीत ते अंगावर येऊ शकतं. भरलेल्या सभागृहात आवाज शोषला जातो, म्हणून रिकाम्या खोलीत थोडा जास्त वाटला तरी लगेच खाली आणू नका. आणि लखलखणाऱ्या प्रकाशाची सूचना तिकीट खिडकीवर लावा.

कागुयाला याच्या उलट त्रास. पांढरा कागद आणि जलरंग. दिवा जुना झाला असेल तर पांढरं पिवळट दिसतं, पडद्यावरचा डाग १३७ मिनिटं डोळ्यांसमोर राहतो. पांढऱ्यावर प्रकाश १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजेडाचं माप) भरतो का ते मोजून घ्या, आणि भिंग पुसून घ्या.

निहोंगो_मित्र
कागुयातही आवाज आधीच घेतले होते. बांबू तोडणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज देणारे ताकेओ चिइ २०१२ मध्ये गेले, चित्रपट २०१३ च्या नोव्हेंबरात आला. तो म्हातारा राजकन्येला हाका मारतो तेव्हा हे आठवतं.

आणखी एक. तोतोरो आणि कागुया या दोन्हींचं कला दिग्दर्शन काझुओ ओगा यांचं. २५ वर्षांचं अंतर. एकात कोपरान् कोपरा हिरव्या रंगाने भरलेला, दुसऱ्यात कडा कोऱ्या सोडलेल्या. महोत्सवात दोन्ही असतील तर पत्रकात ही एक ओळ नक्की छापा. लोक गवताकडे वेगळ्या नजरेने बघतील.

चांदणफुला
सगळ्यांचं वाचून आता असं मांडतेय:

शुक्रवार संध्याकाळी ७: मिलेनियम ॲक्ट्रेस.
शनिवार सकाळी १०: तोतोरो, मराठी निवेदनासह, परवानगी मिळाली तर. दुपारी २:३०: फायरफ्लाइज, नंतर चहा आणि चर्चा. रात्री ८: अकिरा.
रविवार सकाळी १०:३०: तोत्तोचान. संध्याकाळी ५: कागुया.

स्पिरिटेड अवे वगळताना जड जातंय, पण एकाच स्टुडिओचे चार नकोत. घिबली सहापैकी तीन राहिले, बापूसाहेब.

बापूसाहेब
तीन चालतील. गिळलं नाही, नुसता घास घेतला.

गिरगावचा_शऱ्या
स्पिरिटेड अवेसाठी निषेध नोंदवतो. पाण्यावरून जाणाऱ्या रेल्वेचा प्रसंग! कोणी फारसं बोलत नाही, स्टेशनं मागे पडतात, सावल्यांसारखे प्रवासी उतरतात. दोनशे माणसं एकदम गप्प बसलेल्या खोलीतच तो पाहावा. पुढच्या वर्षी पहिला तोच ठेवा.

सई_दामले
क्रम छान जमलाय. एकच भर घालते, ऑपरेटरला लिहून द्या: नामावली सुरू झाली की दिवे लावायचे नाहीत. तोतोरोची आई घरी परत येते ती नामावलीतल्या चित्रांत. दिवे लागले आणि मुलं चपला शोधायला लागली, तर ती घरी आली हे त्यांना कळणारच नाही.

पडद्यामागचा
अगदी बरोबर. हे तोंडी सांगून भागत नाही. सर्व्हरच्या यादीत दिवे लावायची आज्ञा आधीच भरलेली असते, आणि ती सहसा नामावलीच्या सुरुवातीला ठेवतात. सहाही चित्रपटांसाठी ती हलवून शेवटच्या चौकटीनंतर टाकायला सांगा, आणि शुक्रवारी सकाळी प्रत्येकाची शेवटची पाच मिनिटं चालवून बघा.